दुखरे गुडघे आणि रिकामे मैदान

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्या पेण-रोह्याकडच्या गावांत तिच्या जोडीला आणखी एक नियम चालतो. तो कोणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे. लग्न झाले, पोर झाले, कामाला लागले, की माणसाचा खेळ संपला. पुढे त्याने मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे, मंडळाला वर्गणी द्यावी, फार तर सामन्याच्या आधी नारळ फोडावा. पण रेषेच्या आत पाऊल टाकू नये. त्यात गुडघे दुखायला लागले असतील तर मग बोलायलाच नको! हा नियम मला मान्य नाही. तो का मान्य नाही आणि त्याबाबत आपल्या महाविद्यालयाला काय करता येईल, हे मांडण्यासाठी हा लेख.

सुरुवात आपल्यापासून फार दूर असलेल्या एका खेळापासून करते, कारण त्या खेळात हा नियम साफ खोटा ठरला आहे. तो खेळ म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी. जुन्या काळी युरोपात पिंजऱ्यातून खरी कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरीत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरे मारण्याची स्पर्धा झाली होती. त्याआधी वीस वर्षे, १८८० मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातील जॉर्ज लिगोव्स्की याने भाजक्या मातीची तबकडी तयार केली होती. तेव्हापासून या खेळाला ‘मातीची कबुतरे’ हे नाव चिकटले. आजची तबकडी डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते, पण नाव मातीचेच राहिले. अकरा सेंटिमीटर रुंदीची, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाची ही बशी यंत्रातून भिरभिरत सुटते, आणि ती जमिनीवर पडण्यापूर्वी छऱ्यांनी फोडायची असते. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत अशा सव्वाशे तबकड्या असतात.

आता या खेळातली माणसे पाहा. बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णी सिंह यांचा जन्म १९२४ चा. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. १९६० ते १९८० या काळात ते पाच ऑलिंपिक खेळले. पाचव्या वेळी, मॉस्कोला, त्यांचे वय छप्पन्न होते. त्यानंतरही १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ते भारताच्या ट्रॅप संघातून उतरले आणि संघाने रौप्यपदक मिळवले. दिल्लीतील तुघलकाबादच्या नेमबाजी संकुलाला आज त्यांचेच नाव आहे. कुवेतचे अब्दुल्ला अल् रशिदी यांनी तर २०२१ मध्ये टोकियोला स्कीट प्रकारात कांस्यपदक पटकावले, ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. स्कीटमध्ये बंदूक आधीपासून खांद्याला लावून ठेवता येत नाही. तबकडी दिसेपर्यंत ती कमरेशी धरावी लागते आणि मग क्षणार्धात उचलावी लागते. म्हणजे हे काही खुर्चीत बसून करायचे काम नव्हे. स्वीडनचे ऑस्कर स्वान हरणाच्या हलत्या चित्रावर नेम धरीत. त्यांनी १९२० मध्ये अँटवर्पला सांघिक रौप्यपदक मिळवले, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते!

या माणसांचे सांधे दुखत नसतील काय? बंदुकीचे वजन साडेतीन किलोच्या आसपास असते. प्रत्येक बाराला तिचा दस्ता खांद्यावर मागे आदळतो. दिवसभरात असे कितीतरी धक्के बसल्यावर तरण्या माणसाचाही खांदा ठणकतो. मान आणि मनगट यांची गोष्ट वेगळीच. पण हा खेळ जगात जिथे जिथे खेळला जातो, तिथे खांदा दुखू लागला म्हणून माणसाला घरी पाठवीत नाहीत. काडतुसात भार कमी घालतात. दस्त्याला रबराची जाड गादी लावतात. एका दिवसात शंभर तबकड्यांऐवजी पंचवीसच फोडतात आणि मध्ये विश्रांती घेतात. अपंगांसाठी या खेळाचा वेगळा विभाग आहे आणि त्यात चाकाच्या खुर्चीत बसूनही तबकड्या फोडतात. तरुणपणी खेळलेला माणूस मध्ये वीस वर्षे नोकरी-संसारात अडकून पुन्हा बंदूक हातात घेतो, तेव्हा त्याचे शरीर पहिल्यासारखे नसते. म्हणून खेळच थोडासा त्याच्या बाजूला सरकतो. माझ्या मते या खेळाकडून शिकण्यासारखी गोष्ट ती हीच.

येथे एखादा वाचक हसून म्हणेल, की बाई, हा राजेरजवाड्यांचा खेळ. बंदुकीचा परवाना, काडतुसांचा खर्च, त्यासाठी लागणारे मोकळे रान, हे सारे पेण तालुक्यातल्या शेतकऱ्याला कोठून परवडणार? आक्षेप खरा आहे. माझ्या घरात आजवर कोणी खरी बंदूक हातात धरलेली नाही, आणि पुढे धरील असेही वाटत नाही. पण नेमबाजी ही केवळ श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही, हेही तितकेच खरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या लहानशा गावचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करीत होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या, पण त्यांना पहिले ऑलिंपिक खेळायला मिळाले ते २०२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी एअर रायफलचे प्रशिक्षण सुरू केले. आणि उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांचे काय? शेण-चारा, शेत आणि मोठे कुटुंब सांभाळून त्यांनी १९९९ च्या सुमारास, पासष्टी उलटल्यावर, नातीला सोबत म्हणून नेमबाजीच्या वर्गाला जाता जाता स्वतःच पिस्तूल हाती घेतले. गाव हसले. पुढे त्यांनी ज्येष्ठांच्या स्पर्धांतून पदके आणली. २०२१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा साऱ्या देशाने त्यांची आठवण काढली. चंद्रो तोमर राणी नव्हत्या. त्या आपल्या आज्यांसारख्याच एक आजी होत्या.

तेव्हा मुद्दा बंदुकीचा नाही. मुद्दा असा, की शरीर दुखू लागल्यावरही माणसाला खेळाकडे परत येता यावे काय? आणि यावे असे आपण म्हणत असू, तर पेण-रोह्याच्या माणसाने परत यायचे ते कोणत्या मैदानावर?

आमच्या भागात मैदान म्हटले की कबड्डी. आमचे आजोबा तिला अजून हुतूतूच म्हणतात. भात कापून झाले, शेत मोकळे झाले, की माती खणून, दगड वेचून, पाणी मारून क्रीडांगण तयार होते आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. २०१४ पासून कबड्डी दूरदर्शनसंचावर आली, मातीच्या जागी मॅट आली, खेळाडूंवर बोली लागू लागली. चांगलेच झाले. पण त्यामुळे ती आणखीच तरण्याबांड पोरांची झाली. पस्तिशीच्या माणसाने चढाई करायची म्हटले तर प्रेक्षकांतून शिटी येते.

माझे बाबा तरुणपणी आमच्या गावच्या संघातून खेळत. चढाईला जात. पेण, रोहा, अलिबाग येथे ते खेळले आहेत आणि आमच्या घराच्या फळीवर त्या वेळच्या दोन ढाली अजून आहेत. माझ्या मोठ्या भावाचा जन्म झाला आणि बाबांचा खेळ सुटला. पुढची वीस वर्षे पावसाळ्यात भातशेती आणि बाकीचे दिवस औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून गोण्या चढवणे-उतरवणे, असे त्यांचे आयुष्य गेले. आज ते एकोणपन्नास वर्षांचे आहेत. सकाळी उठताना जमिनीला हात टेकल्याशिवाय त्यांना उभे राहता येत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावची पोरे सराव करीत होती आणि एक गडी कमी पडला. बाबा कडेला उभे होते. धोतराचा काचा मारावा तसा त्यांनी लेंगा वर खोचला आणि आत गेले. लगेच कोणीतरी ओरडले, “काका, बसा खाली, मोडाल!” सगळे हसले. बाबाही हसले आणि बाहेर आले.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, “अहो, वय काय आपलं? पोरीचं लग्नाचं वय झालं. लोक काय म्हणतील?” मी म्हणाले, “बाबा, तुमचे गुडघे दुखतात ना? मग कशाला गेलात?” बाबा शांतपणे म्हणाले, “अगं, खेळत होतो तेव्हा कधी दुखले नाहीत. हे गोण्यांचं दुखणं आहे.”

बाबांना कधी शाळेची सातवीच्या पुढची पायरी चढता आली नाही. पण पुढे मी या विषयावर वाचू लागले तेव्हा दिसले, की त्यांच्या बोलण्यात शास्त्र होते. आपली समजूत अशी, की सांधा म्हणजे बैलगाडीचा आस. जितका फिरवाल तितका झिजेल, म्हणून म्हातारपणी तो जपून ठेवावा. पण सांधा हा लोखंडाचा नाही, जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळते, आणि हा द्रव आत-बाहेर होतो तो हालचालीने. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. ते दुबळे झाले की सगळा भार सांध्यावर पडतो. म्हणून गुडघ्याच्या संधिवातावर डॉक्टर आज जे पहिले उपाय सांगतात, त्यांत बेताचा, नियमित व्यायाम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत प्रौढांना आणि वृद्धांनाही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली आहे. शिवाय पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा, असेही म्हटले आहे.

यावर गावातले एक ठरलेले उत्तर असते : “आम्हांला कशाला हवा व्यायाम? दिवसभर राबतो तो काय कमी आहे?” मला वाटते, सगळा घोटाळा येथेच आहे. राबणे म्हणजे व्यायाम नव्हे. लावणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात कमरेतून वाकलेली असते. आमच्याकडे हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. तेथे माणसे तासन् तास उकिडवी किंवा मांडी घालून बसून मूर्तीला पॉलिश करतात, रंग देतात, डोळ्यांची आखणी करतात. त्या मूर्ती जगभर जातात. त्यांच्यापुढे वाकलेल्या पाठी आणि मुडपलेले गुडघे येथेच राहतात. सतत उकिडवे बसणे आणि जड ओझे उचलणे यांनी गुडघ्याचा संधिवात वाढतो, हे वैद्यकशास्त्रानेच सांगितले आहे. कामात शरीराचे तेच तेच अवयव तसेच्या तसे वापरले जातात आणि थांबायचे केव्हा हे मुकादम ठरवतो. खेळात सगळे शरीर हलते, आणि दमलो तर “दम खातो” म्हणून बाजूला होता येते. ज्याने आयुष्यभर ओझे वाहिले त्याला ‘तुझा व्यायाम झाला’ असे सांगणे म्हणजे ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी पाणी भरले त्याला ‘तुझी आंघोळ झाली’ असे सांगण्यासारखे आहे.

मी रोज आगगाडीने ये-जा करते. पेण, कासू, नागोठणे, रोहा या गाडीत पाट्या-पिशव्या घेतलेल्या बायका चढतात. स्थानकाच्या पुलावर त्या कठड्याला धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवत चढतात. त्यांतल्या कितीजणी माझ्या आईपेक्षाही लहान असतील. त्यांना खेळाविषयी विचारले तर त्या मला वेड्यात काढतील. पण याच बायका गौरीच्या रात्री काय करतात? गौर बसली की आमच्या आळीतल्या साठीच्या आज्यासुद्धा पदर खोचून फुगडीला उभ्या राहतात, झिम्मा घालतात, पहाटेपर्यंत गाणी म्हणतात. त्या रात्री कोणी म्हणत नाही, “आजी, बसा खाली, मोडाल.” उलट सुनाच त्यांना ओढून आणतात. मग सकाळी गुडघे ठणकतात काय? ठणकतात. तेल लावून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या राहतात.

या एका गोष्टीवरून मला वाटते, की आपल्या वडीलधाऱ्यांना मैदानापासून दूर ठेवते ती गुडघेदुखी नव्हे, लाज. सणाच्या, देवाच्या नावाने खेळले तर चालते. खेळ म्हणून खेळले तर म्हातारचळ ठरतो. वर्षातून एक रात्र परवानगी, बाकीच्या रात्री बंदी. ही परवानगी देणारे आणि बंदी घालणारे आपणच आहोत; आणि मित्रहो, शिट्ट्या मारणारे तर बहुधा आपल्याच वयाचे असतात.

बरे, बाबांनी आज जाऊन वीस वर्षांच्या पोराबरोबर कबड्डी खेळावी असे मी म्हणत आहे काय? मुळीच नाही. घोट्याची पकड, सूर मारून केलेली पकड, अंगावर चारजणांचा ढीग, हे पन्नाशीच्या गुडघ्याला झेपणारे नाही. तरण्या खेळाडूंचेही गुडघ्याचे स्नायुबंध तेथे तुटतात. पण तबकड्यांच्या खेळात काडतुसाचा भार कमी करतात, तसा आपल्याला कबड्डीचा भार कमी करता येणार नाही काय? इंग्लंडमध्ये चेस्टरफील्ड येथे २०११ मध्ये असेच झाले. पन्नाशीपुढच्या माणसांसाठी त्यांनी ‘चालता फुटबॉल’ सुरू केला. नियम एकच महत्त्वाचा : धावायचे नाही, चालायचे. गुडघे गेले म्हणून घरी बसलेली माणसे पुन्हा चेंडूला पाय लावू लागली, आणि हा खेळ पुढे अनेक देशांत गेला. नुसत्या स्पर्धेचे म्हणाल, तर प्रौढांसाठीच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९८५ मध्ये टोरंटोला सुरू झाल्या.

मग आपला ‘चालता हुतूतू’ का नसावा? माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे नियम असे असावेत : धावायचे नाही, एक पाय नेहमी जमिनीवर हवा. ओढाओढी आणि सूर मारणे बंद. बचाव करणाऱ्या दोघांनी हातात हात धरून केलेली साखळी चढाई करणाऱ्याला लागली, की तो बाद. डाव वीस मिनिटांऐवजी दहा मिनिटांचा. दमलेल्या गड्याला केव्हाही बाहेर येता यावे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी दम कोंडून धरू नये. ‘हुतूतू’ श्वास घेत म्हटले तरी चालेल. जाणकारांनी यात सुधारणा कराव्यात. क्रीडा विभागाच्या सरांनी तर जरूर कराव्यात.

आणि ज्यांना चालणेही जड जाते त्यांच्यासाठी आपल्याकडे आणखी एक खेळ आहे. मातीच्या तबकड्या फोडण्याचे वर्णन मी वाचले तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती लगोरी. आमच्याकडे लगोरी फुटक्या मंगलोरी कौलांच्या तुकड्यांची रचतात. म्हणजे तीही भाजक्या मातीचीच! बारा-पंधरा पावलांवर उभे राहायचे, चेंडू हातात घ्यायचा, श्वास रोखायचा आणि नेम धरायचा. पळापळ काढून टाकली तरी नेमाची मजा उरतेच. ना परवाना, ना काडतूस. खांदा दुखत असेल तर चेंडू खालून टाकावा, गुडघा दुखत असेल तर बाकावर बसून टाकावा. पाच फेऱ्या, ज्याची लगोरी अधिक वेळा पडेल तो जिंकला. यात माझी आई बाबांना हरवील, अशी माझी खात्री आहे. आंब्याच्या दिवसांत दगड मारून कैरी पाडण्यात आमच्या आळीत तिचा हात धरणारे कोणी नाही.

काही आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला, दुखापतीचा. गुडघा सुजलेला असेल, गरम लागत असेल, रात्री झोपू देत नसेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग मैदान. जुने दुखणे असलेल्यांनी तपासून घेऊनच यावे आणि पहिल्या दिवशीच तरुणपण सिद्ध करायला जाऊ नये. थोडेसे दुखणे आणि दुखापत यांतला फरक ओळखायचा एक सोपा मार्ग आहे : दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीपेक्षा वाढलेले असेल, तर पुढच्या वेळी निम्मेच खेळावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. चेंडू, कौलांचे तुकडे आणि चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा यांना किती खर्च येणार? तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. “घरी दोन वेळची चिंता, आणि यांना खेळ सुचतो,” असे आमच्याच घरांतली माणसे म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे, की ज्याच्या शरीरावर घर चालते त्याचे शरीर हीच त्या घराची जमीन आहे. जमीन नापीक झाल्यावर रडण्यापेक्षा तिची वेळीच मशागत केलेली बरी. आणि मशागत सोडूनच द्या. ज्या माणसाने वीस वर्षांत स्वतःसाठी म्हणून एक तास काढला नाही, त्याला आठवड्यातून एक तास हसता आले, तर त्याचा हिशेब कोणाला कशाला द्यायचा?

माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत, ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. आमचे आईवडील येथे येतात ते प्रवेशाच्या वेळी, चप्पल दाराबाहेर काढावी की नाही अशा संकोचात. फी भरतात, सही किंवा अंगठा करतात आणि परत जातात. पुन्हा बोलावणे आले तर त्यांना धास्ती वाटते, की पोराने काही केले की काय! ज्यांच्या गुडघ्यांवर आमची फी उभी आहे, त्यांच्यासाठी या आवारात एकही जागा नसावी, याचे मला वाईट वाटते. आणि आपले मैदान तर संध्याकाळी साडेपाचनंतर रिकामेच असते. त्यावर गुरे चरताना मी पाहिली आहेत.

म्हणून प्राचार्य, जिमखाना समिती आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांच्यापुढे मी तीन नम्र मागण्या ठेवते. एक, आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर आपले मैदान चाळिशीपुढच्या गावकऱ्यांना, स्त्रियांना आणि पुरुषांना, खुले करावे. दोन, वार्षिक क्रीडामहोत्सवात पालकांसाठी चालता हुतूतू आणि लगोरीचा नेम असे दोन सामने ठेवावेत. त्यांची रीतसर पंचांसह मांडणी व्हावी, गंमत म्हणून नव्हे. तीन, वर्षातून एकदा सांध्यांची तपासणी करणारे शिबिर मैदानावरच घ्यावे, म्हणजे कोणी काय खेळावे याचा सल्ला तेथेच मिळेल. यांतली एकही मागणी मोठ्या खर्चाची नाही.

आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे १९५१ मध्ये भूदानासाठी चालू लागले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. प्रकृती तोळामासा. तरी पुढे तेरा-चौदा वर्षे ते देशभर चालत राहिले. त्या तालुक्यातल्या लोकांनी पन्नाशीच्या माणसाला ‘बसा खाली’ म्हणावे, हे शोभत नाही. विनोबांचे कार्य मोठे होते. आपल्या आईबापांचे मागणे त्यामानाने फारच लहान आहे. त्यांना फक्त रेषेच्या आत यायचे आहे.

तोवर प्रत्येकाने एक गोष्ट करावी. आज घरी गेल्यावर आपल्या आईला आणि वडिलांना विचारावे, “तुम्ही लहानपणी काय खेळायचात?” आधी ते हसतील, “आता कशाला ते” म्हणतील. थोडा धीर धरावा. मग जो खेळ ते सांगतील तो लिहून घ्यावा आणि जिमखान्याच्या सूचनापेटीत टाकावा. पेटी भरली, तर मैदान कोणासाठी मोकळे करायचे याचे उत्तर समितीला आपोआप मिळेल.